दमनकाचं पुढे काय झालं?

मराठीत ‘आषाढभूती’ हा शब्द आपण दांभिक माणसासाठी सर्रास वापरतो. वापरताना तो मूळचा कोण, हे आठवावं लागत नाही. पंचतंत्रातल्या पहिल्या तंत्रात देवशर्मा नावाचा एक संन्यासी आहे. त्याच्याजवळ पैसा आहे आणि त्या पैशाच्या काळजीने त्याचा कुणावर विश्वास नाही. आषाढभूती त्याच्या पायावर लोळण घेतो, संसार असार असल्याची भाषा करतो, शिष्य होतो, पाय चेपतो, आणि एके दिवशी झोळीसकट पसार होतो. भाषेने या भामट्याला पकडून त्याचं सामान्यनाम करून टाकलं.

पण ज्या मोठ्या गोष्टीच्या पोटात ही छोटी गोष्ट येते, तिचा नायक दमनक. त्याच्यापुढे आषाढभूती म्हणजे भुरटा चोर. दमनक गोड बोलून राजाच्या मर्जीत शिरतो, राजाला एक मित्र मिळवून देतो, तोच मित्र राजाच्या हातून मारवतो आणि शेवटी मंत्री होतो. तरीही ‘अमुक म्हणजे अगदी दमनक आहे’ असं आपण म्हणत नाही. आषाढभूती पळून गेला म्हणून तो चोर ठरला. दमनक कुठेच गेला नाही, तो पदावर बसला. पदावर बसलेल्याचं सामान्यनाम करायला भाषाही कचरते की काय, असं वाटावं.

लहानपणी आपल्या हाती पंचतंत्र येतं ते सुट्या गोष्टींचं. विहिरीत प्रतिबिंब पाहून उडी मारणारा सिंह, खुंटी उपटून शेपूट अडकवून घेणारं माकड, बडबड्या कासव. या गोष्टी मुळात कुणीतरी कुणालातरी, काहीतरी साधण्यासाठी सांगितलेल्या आहेत, हे त्या सुट्या छापल्या की कळत नाही. ‘मित्रभेद’ या पहिल्या तंत्रातल्या बऱ्याच गोष्टी खुद्द दमनकच सांगतो. म्हणजे ज्यांना आपण बोधकथा म्हणून मुलांना देतो, त्यांतल्या कित्येक एका खुशमस्कऱ्याच्या तोंडच्या आहेत. त्याची ती हत्यारं आहेत. तेव्हा ‘मित्रभेद’ सलग वाचायला हवा, आणि बोध बाजूला ठेवून वाचायला हवा. खुशामत नेमकी चालते कशी, याचं इतकं थंड डोक्याने केलेलं चित्रण फार थोड्या ठिकाणी सापडेल.

सुरुवात साधी आहे. वर्धमानक नावाच्या व्यापाऱ्याचा संजीवक हा बैल यमुनेकाठच्या रानात पाय मोडून पडतो आणि मागे राहतो. चांगल्या चाऱ्यावर तो बरा होतो, माजतो, डरकाळ्या फोडायला लागतो. त्या रानाचा राजा पिंगलक सिंह पाणी प्यायला नदीवर येतो. त्याने असा आवाज कधी ऐकलेला नाही. तो पाणी न पिताच मागे फिरतो आणि एका वडाखाली आपल्या लवाजम्याची कडी करून बसतो. चेहरा असा, की जणू काही झालंच नाही.

हे दोन कोल्हे पाहतात. करटक आणि दमनक. दोघंही मंत्र्याची पोरं, पण सध्या अधिकारावरून उतरलेली, राजाच्या मागे मागे फिरून उष्ट्यावर जगणारी. करटकाचं म्हणणं, मिळतंय ते खावं, नसत्या उठाठेवीत पडू नये. दमनकाला उष्ट्यावर पोट भरणं हे जगणंच वाटत नाही. आणि त्याला एक गोष्ट दिसली आहे जी दरबारातल्या बाकी कुणी पाहिलेली नाही, किंवा पाहूनही बोललेली नाही: राजा घाबरला आहे.

इथे आपल्या नेहमीच्या समजुतीला पहिला धक्का बसतो. खुशामत म्हटलं की आपल्यासमोर हरभऱ्याच्या झाडावर चढवणारा माणूस येतो. मराठीत त्यासाठी लोणी लावणं आहे, मस्का मारणं आहे, हांजी हांजी करणं आहे, लाळ घोटणं आहे, तळवे चाटणं आहे. या सगळ्या शब्दांत एक चिकटपणा, एक ओशटपणा आहे. तो बघणाऱ्याला दिसतो, आणि म्हणून आपल्याला वाटतं की ज्याला लोणी लावलं जातंय त्यालाही तो दिसत असणार. दिसत नसेल तर तो मूर्ख असणार. दमनक असलं काही करत नाही. तो पिंगलकाच्या आयाळीचं कौतुक करत नाही की पराक्रमाचे पोवाडे गात नाही. तो जवळ जातो, सेवकाचं मोल मालकाने ओळखावं अशा आशयाचं जरा लांबलचक बोलतो, आणि मग विचारतो: महाराज पाणी प्यायला निघाले होते, मग मध्येच मागे का फिरले?

राजा म्हणतो, काही नाही, सहजच. दमनक म्हणतो, सांगण्याजोगं नसेल तर राहू द्या. हे ‘राहू द्या’ फार मोलाचं आहे. त्याने राजाला कळवलं की मला कळलं आहे, आणि हेही कळवलं की मी बोलणार नाही. सिंह क्षणभर विचार करतो आणि सगळं सांगून टाकतो. त्या क्षणापासून दमनक त्याच्या आतल्या गोटातला होतो.

म्हणजे मर्जीच्या या बाजारात दमनकाने विकायला आणलेला माल स्तुती हा नाहीच. राजाला जी गोष्ट चारचौघांत बोलता येत नाही, ती ऐकून घेणारा एक कान त्याने विकायला आणला आहे. पुढे तो राजाला चक्क टोचून बोलतो. पिंगलक म्हणतो, माझा सगळा परिवार भेदरला आहे, पळायच्या बेतात आहे. दमनक सांगतो की दोष त्यांचा नाही, जसा धनी तसे चाकर. एवढं तोंडावर बोलूनही त्याचं काही बिघडत नाही, उलट वजन वाढतं. मुरलेला खुशमस्कऱ्या अधूनमधून कडू बोलतो, कारण त्यामुळे त्याच्या गोड बोलण्याला खरेपणाचा शिक्का मिळतो.

मग तो आवाजाचा शोध घ्यायला जातो. तो गेल्यावर सिंहाच्या मनात जे येतं, ते विष्णुशर्म्याने मुद्दाम नोंदवलं आहे. सिंहाला वाटतं, आपण चूक केली, ज्याला पदावरून काढलं त्याच्यापाशी मन मोकळं केलं. अपमानित चाकर उलटू शकतो. आणि तो जागा बदलून दुसरीकडे जाऊन बसतो. म्हणजे त्याला समजत नाही असं नाही. खुशामतीला बळी पडणारा भोळा असतो ही बळी पडणाऱ्यांनीच पसरवलेली अफवा असावी. पिंगलकाला धोका पूर्ण ठाऊक आहे. त्याला गरज त्याहून मोठी आहे.

तिकडे दमनकाला दिसतं की हा तर बैल आहे, गवत खाणारा. त्याला आनंद होतो, पण राजाची भीती फोल ठरली म्हणून नव्हे. संकटात असलेला राजाच मंत्र्याचं ऐकतो, हे त्याला माहीत आहे. तेव्हा संकट संपता कामा नये. एका प्रचलित पाठात तो परत येऊन सांगतो की हा साधासुधा बैल नाही, आपण शंकराचं वाहन आहोत असं तो म्हणतो. आणि आपणही त्याला ऐकवलं, की हे रान चंडिकेचं वाहन असलेल्या आमच्या स्वामींचं आहे. एका वाक्यात बैलही मोठा झाला, सिंहही मोठा झाला आणि दोघांमध्ये बोलणी करून आलेला कोल्हाही मोठा झाला. राजा बैलाला भ्यायला, ही नामुष्की. राजा महादेवाच्या नंदीपुढे सावध झाला, हा विवेक. दमनकाने सिंहाला शूर म्हटलं नाही. त्याने त्याच्या भीतीला प्रतिष्ठा मिळवून दिली.

माझ्या मते संपूर्ण तंत्राची किल्ली इथे आहे. खरं कौतुक कौतुकाच्या विषयाबद्दल बोलतं, त्यामुळे ते तपासता येतं, खोडून काढता येतं. खुशामत ऐकणाऱ्याच्या गरजेबद्दल बोलते. ती खरी की खोटी हा प्रश्न तिला लागूच होत नाही, कारण ऐकणाऱ्याला तो प्रश्न विचारायचाच नसतो.

पुढे बैल आणि सिंह यांची मैत्री होते आणि ती खरी मैत्री आहे. संजीवक शहाणा आहे, बहुश्रुत आहे. दोघं दिवसभर एकांतात बोलत बसतात. सिंह शिकार विसरतो, परिवार उपाशी मरायला लागतो आणि दमनकाची जागा जाते. आता त्याला मैत्री मोडायची आहे. त्याआधीच, संजीवकाला दरबारात आणताना, त्याने त्याला दंतिल आणि गोरंभ यांची गोष्ट सांगून ठेवली आहे. दंतिल नगरशेठ, गोरंभ राजवाड्यातला झाडूवाला. दंतिल एका लग्नात गोरंभाला हाकलून देतो. गोरंभ दुसऱ्या दिवशी पहाटे राजाच्या पलंगाजवळ झाडताना अर्धवट झोपेत पुटपुटल्यासारखं करतो, की दंतिलाची काय हिंमत, राणीला मिठी मारतो! झालं, दंतिलाला वाडा बंद. शेठजींना चूक उमगते, ते गोरंभाला वस्त्रं देऊन मान राखतात. मग गोरंभ पुन्हा झाडता झाडता राजाबद्दलच काहीतरी अचाट पुटपुटतो, राजाला वाटतं याच्या बरळण्यात काही अर्थ नाही, आणि दंतिल निर्दोष सुटतो. शेठजी आणि झाडूवाला यांच्यातलं अंतर एवढंच उरतं, की कुणाचा आवाज कोणत्या वेळी राजाच्या कानापर्यंत पोचतो. ज्या व्यवस्थेत न्यायाची वाट एका माणसाच्या कानातून जाते, तिथे त्या कानाजवळ उभं राहणारा प्रत्येक जण सत्ताधारी असतो, मग त्याच्या हातात झाडू का असेना.

आणि संजीवकाने सांगितलेली उंटाची गोष्ट. मदोत्कट नावाचा सिंह, त्याचे चाकर चित्ता, कावळा आणि कोल्हा. तांड्यातून चुकलेला एक उंट त्यांना सापडतो, सिंह त्याला अभय देतो. पुढे सिंह हत्तीशी झुंजताना जखमी होतो, शिकार थांबते. चाकरांचा डोळा उंटावर, पण अभयाची आडकाठी. मग ठरतं. कावळा पुढे येऊन म्हणतो, महाराज, मला खा. बाकीचे म्हणतात, तुझ्यात मांस ते किती! कोल्हा म्हणतो, मला खा. चित्ता म्हणतो, मला. प्रत्येकाला काही ना काही कारण देऊन बाजूला सारलं जातं. उंटाला वाटतं, या सगळ्यांनी किती सुंदर बोलून दाखवलं आणि कुणालाच काही झालं नाही, आपणही बोलावं. तो म्हणतो, मला खा. आणि त्याला फाडलं जातं.

मला ही पंचतंत्रातली सर्वांत भयंकर गोष्ट वाटते. उंट मूर्ख नाही, तो बाहेरचा आहे. निष्ठेची ही भाषा आतल्यांसाठी एक खेळ आहे, त्यात ‘घ्या’ म्हणायचं आणि समोरच्याने ‘छे छे’ म्हणायचं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. उंट त्या भाषेत नवा आहे. तो वाक्य बरोबर म्हणतो, पण त्याच्यासाठी ‘छे छे’ म्हणणारा कुणी त्या टोळीत नाही. कोणत्याही कार्यालयात, पक्षात, साहित्य मंडळात नव्याने आलेला माणूस वरिष्ठांच्या तोंडचं ‘मी कधीही राजीनामा द्यायला तयार आहे’ हे वाक्य ऐकून स्वतःही म्हणून बसतो, आणि त्याचा मात्र मंजूर होतो. तो उंट असतो.

शेवट ठाऊक आहे. दमनक सिंहाला सांगतो की बैलाला तुमचं राज्य हवं आहे. बैलाला सांगतो की सिंह तुला खाणार आहे. पुरावा कशाचाच नाही. दोघांना तो फक्त खुणा सांगून ठेवतो: अमुक तऱ्हेने डोळे लाल, अमुक तऱ्हेने शेपूट, अमुक तऱ्हेने शिंगं रोखलेली. दोघं भेटतात तेव्हा दोघंही सावध असतात आणि सावध प्राणी नेमका तसाच दिसतो. लढाई होते, संजीवक मरतो. सिंह रक्ताळलेल्या पंजांनी शोक करतो. दमनक सांत्वन करतो, शत्रूसाठी राजाने रडू नये म्हणतो. पिंगलक डोळे पुसतो आणि त्याला मंत्री करून राज्य चालवतो. तंत्र संपलं.

हा शेवट सगळ्यांना पचला नाही. सहाव्या शतकात इराणचा बादशहा खुस्रौ अनुशिरवान याच्या कारकिर्दीत बुर्झोय या वैद्याने हे पुस्तक पहलवी भाषेत नेलं. ते भाषांतर आज उपलब्ध नाही, पण त्यावरून आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फा याने अरबीत ‘कलीला व दिम्ना’ लिहिलं. करटक आणि दमनक यांचीच ही बदललेली नावं. अरबी पुस्तकात बैल मेल्यानंतर एक सबंध नवं प्रकरण येतं: दिम्नावरचा खटला. संस्कृतात ते नाही. अभ्यासक बहुधा त्याचं श्रेय अल-मुकफ्फालाच देतात.

त्यात दोन्ही कोल्ह्यांचं बोलणं एका चित्त्याने चोरून ऐकलेलं असतं. तो सिंहाच्या आईला सांगतो. आई सिंहाला कळवते. दरबार भरतो, दिम्नाला उभं केलं जातं, आणि तो तिथेही बोलतो. काय बोलतो! पुरावा कुठाय, विचारतो. त्याचा चेहराच गुन्हेगाराचा आहे असं म्हणणाऱ्या एका मुदपाकखान्याच्या मुख्याचा तो भर सभेत असा पाणउतारा करतो, की त्याचीच नोकरी जाते. कलीला तुरुंगात भेटून जातो आणि खंगून मरतो. अखेर चित्ता साक्षीला उभा राहतो, तुरुंगातला दुसरा एक प्राणीही आपण ऐकलेलं सांगतो, आणि दोन साक्षींवर दिम्ना दोषी ठरून मारला जातो.

वाचकाला बरं वाटतं. पण हे प्रकरण नीट वाचलं की दिसतं, अल-मुकफ्फा न्यायाचं समाधान देताना एक अस्वस्थताही मागे ठेवतो. दिम्नाच्या बोलण्याला दरबारातल्या एकालाही बोलण्याने उत्तर देता येत नाही. त्याचं वक्तृत्व शेवटपर्यंत अजिंक्य राहतं. त्याला हरवतात त्या दोन साक्षी. म्हणजे चित्ता पहिल्या दिवशी उघड बोलला असता तर एवढं सगळं झालंच नसतं. इतके दिवस तो गप्प होता. खुशमस्कऱ्याची खरी ताकद त्याच्या जिभेइतकीच इतरांच्या या गप्प बसण्यात असते.

अल-मुकफ्फा स्वतः दरबाराच्या लेखनिकांपैकी होता. खलिफा अल-मन्सूरच्या काळात, त्याच्या चुलत्याला अभय देणारं पत्र खलिफाला फार घट्ट बांधून घालणाऱ्या शब्दांत लिहिलं, म्हणून त्याच्यावर गैरमर्जी झाली आणि बसऱ्यात त्याला हाल करून मारलं, असं परंपरा सांगते. सिंहाने दिलेलं अभय शब्दांनी पक्कं करता येईल असं त्याला वाटलं असावं. उंटाची गोष्ट त्यानेच अरबीत आणली होती.

आता दोन शेवट समोरासमोर ठेवू. अरबी शेवटात कोल्हा मरतो. संस्कृतात मंत्री होतो. पहिल्या नजरेला अरबी नैतिक आणि संस्कृत निर्दय वाटतं. माझं मत उलट होत गेलं आहे. दोन्ही शेवटांत संजीवकाच्या मानेवर पंजा मारणारा सिंह गादीवर कायम आहे. अरबी खटल्यात सिंह आरोपीच्या पिंजऱ्यात येत नाही. सगळा दोष कान भरणाऱ्याचा ठरतो आणि कान शुद्ध ठरतो. हे आपल्यालाही ओळखीचं आहे. ‘साहेब चांगले आहेत हो, भोवतालचे लोक वाईट’ हे वाक्य आपण किती वर्षं, कितीजणांबद्दल म्हणत आलो आहोत! ते वाक्य हीच एक खुशामत आहे, आणि ती दूर उभं राहून, काहीही पदरात न पडता केलेली खुशामत आहे. दिम्नाला फाशी देऊन अरबी कथा सिंहाला हेच वाक्य बहाल करते.

विष्णुशर्मा ही सोय ठेवत नाही. त्याचे श्रोते कोण आहेत ते आठवावं: महिलारोप्याच्या अमरशक्ती राजाचे तीन मंदबुद्धी राजपुत्र. उद्याचे सिंह. त्यांना कोल्हा व्हायला शिकवण्याचं कारण नाही. दमनकाला शिक्षा झाली असती तर त्यांनी सुटकेचा श्वास टाकला असता. दमनक पदावर राहतो, म्हणून प्रश्न त्यांच्याकडे वळतो: याला इथे ठेवलं कुणी? आणि हे सांगणारा कोण आहे? राजाने देऊ केलेली जमीन नाकारणारा, मी विद्या विकत नाही म्हणणारा, ऐंशी वर्षांचा माणूस. त्याला राजाकडून काही नको आहे. सबंध पुस्तकात दमनकाच्या बरोबर विरुद्ध टोकाला कुणी असेल तर तो करटक नव्हे, संजीवकही नव्हे. गोष्ट सांगणारा आहे.

समीक्षेशी याचा संबंध आहे, म्हणून हे लिहितो आहे. आपल्याकडे प्रस्तावना, मलपृष्ठावरचे चार शब्द, प्रकाशन समारंभातली भाषणं, पुरस्काराची मानपत्रं यांत स्तुतीची टंचाई नाही. ती वाचून आपण लिहिणाऱ्याला हसतो, मस्का म्हणतो आणि पुढे जातो. पण विचारायचा प्रश्न वेगळा आहे. या चार शब्दांत पुस्तकाविषयी खोडून काढता येईल असं एक तरी विधान आहे का? की लेखकाला रात्री झोपताना जी भीती वाटते, आपलं लिहिणं राहील का ही, तिच्या जखमेवर फक्त फुंकर आहे? पहिलं असेल तर स्तुती कितीही भरघोस असली तरी ती समीक्षा आहे. दुसरं असेल तर तिथे एक वड आहे, कडं करून बसलेला लवाजमा आहे आणि जवळ सरकणारा एक कोल्हा आहे.

कोल्हा दोषी आहेच. पण पिंगलकाने त्या दिवशी सगळ्यांदेखत एवढंच म्हटलं असतं की तो आवाज ऐकून मी घाबरलो, कुणीतरी जाऊन काय आहे ते बघून या, तर कुणीही गेला असता आणि परत येऊन म्हणाला असता, बैल आहे. मग सिंह नदीवर जाऊन पाणी प्यायला असता. दमनक उष्टं खात राहिला असता.